आम्लात जगणारे, आम्ल घडवणारे

जपानमधल्या होक्काइडो बेटावर गंधकाच्या वाफा सोडणाऱ्या काही जागा आहेत. तिथल्या तापलेल्या, कोरड्या मातीचा सामू (पीएच) ०.५ च्याही खाली जातो. १९९५ मध्ये क्रिस्टा श्लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा जागेतून मिळालेल्या पिक्रोफायलस या सूक्ष्मजीवाची माहिती प्रसिद्ध केली. साठ अंश तापमानाच्या आणि ०.७ सामूच्या द्रवात तो सर्वांत जोमाने वाढतो. लिंबाच्या रसाचा सामू दोनच्या आसपास असतो, म्हणजे या द्रवाची आम्लता लिंबाच्या सुमारे वीसपट झाली. सामू शून्यावर आणला तरी त्याची वाढ थांबत नाही. मात्र सामू चारच्या वर नेला, की त्याची पेशी फुटते. आपल्या दृष्टीने पाणी जसजसे निरुपद्रवी होते, तसतसा हा जीव मरणाच्या जवळ जातो.

आम्लप्रेमी सूक्ष्मजीवांविषयी लिहिताना ‘प्रतिकूल परिस्थितीशी झुंज’ हे शब्द सहज हाताशी येतात. गेल्या शंभर वर्षांतले संशोधन वाचल्यावर मला ते शब्द चुकीचे वाटतात. यांतल्या बहुतेकांना आम्ल लागतेच, आणि पुष्कळदा ते आम्ल त्यांनीच तयार केलेले असते. हा मुद्दा नीट लक्षात घेतला तर या जीवांचे शरीर, त्यांचा इतिहास, तांबे-सोन्याच्या खाणीत त्यांच्याकडून करून घेतले जाणारे काम आणि मेघालयातल्या नद्यांची आजची अवस्था, या सगळ्यांची संगती लागते.

आधी मोजमापाचे बोलू. सामू ही कल्पना डॅनिश रसायनतज्ज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडली. ही मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणून सामू सातवरून दोनवर येणे म्हणजे आम्लता एक लाख पटीने वाढणे. तीनपेक्षा कमी सामूला ज्यांची वाढ सर्वांत चांगली होते, त्यांना अतिआम्लप्रेमी म्हणण्याची पद्धत आहे. दह्यातले जीवाणू या व्याख्येत बसत नाहीत. पोटात व्रण निर्माण करणारा हेलिकोबॅक्टर पायलोरीसुद्धा बसत नाही. जठरात राहतो म्हणून त्याला आम्लप्रेमी समजले जाते, पण तो युरिएज या विकराने युरियापासून अमोनिया तयार करतो, भोवतालचे आम्ल मारतो आणि श्लेष्माच्या थराखाली आसरा घेतो. तो आम्लापासून पळणारा जीव आहे. आपला विषय आम्लाकडे जाणाऱ्यांचा आहे.

त्यांचा शोध मातीपासून सुरू झाला. १९२२ च्या सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये सेल्मन वॅक्समन आणि जोफी यांनी गंधक खाऊन सल्फ्युरिक आम्ल तयार करणाऱ्या जीवाणूचे वर्णन केले. हेच वॅक्समन पुढे स्ट्रेप्टोमायसीनसाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. त्यांनी आणि स्टार्की यांनी १९४३ मध्ये जवळजवळ शून्य सामूच्या द्रवात वाढणाऱ्या बुरशींचीही नोंद केली होती, ती मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही. खरा धक्का १९४७ मध्ये बसला. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसाखाणींमधून वाहणारे तांबूस आम्लयुक्त पाणी हा तोवर निव्वळ रसायनशास्त्राचा विषय समजला जात होता. कोल्मर आणि हिंकल यांनी दाखवून दिले, की त्या पाण्यातले सूक्ष्मजीव मारले किंवा गाळून काढले तर पाण्यातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण जवळजवळ थांबते. म्हणजे पाणी लाल करणारे कोणीतरी जिवंत होते. त्या जीवाणूचे आजचे नाव ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स. लोहाचे ऑक्सिडीकरण करून मिळणाऱ्या ऊर्जेवर तो जगतो आणि शरीर घडवण्यासाठी लागणारा कार्बन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतो. सूर्यप्रकाश नाही, सेंद्रिय अन्न नाही. दगड, पाणी आणि हवा एवढ्यावर त्याचा संसार चालतो.

१९७० पासून थॉमस ब्रॉक यांच्या गटाने या यादीत उष्णतेची भर घातली. इंडियानातल्या कोळशाच्या टाकाऊ ढिगांत, जे आतल्या आत आपोआप तापत राहतात, त्यांना थर्मोप्लाझ्मा सापडला. त्याला पेशीभित्तिकाच नाही, आणि तरीही साठ अंशांच्या आसपास, दोन सामूला तो मजेत राहतो. १९७२ मध्ये यलोस्टोनच्या गरम झऱ्यांतून सल्फोलोबसची नोंद झाली. हे दोघेही आर्किया या गटातले. बॅक्टेरियांसारखे दिसणारे, पण वंशाने वेगळे.

आता यांची पेशी टिकते कशी ते पाहू. आम्ल म्हणजे मोकळ्या प्रोटॉनांची गर्दी. बाहेर सामू एक आणि पेशीच्या आत सहा असेल, तर बाहेरचे प्रोटॉन आतल्यापेक्षा लाखपट असतात. बहुतेक आम्लप्रेमी आतला सामू सहाच्या आसपास राखतात, कारण त्यांचे डीएनए आणि विकर आपल्यासारखेच नाजूक असतात. पिक्रोफायलस याला काही अंशी अपवाद आहे. त्याच्या पेशीद्रव्याचाच सामू ४.६ पर्यंत उतरलेला असतो. संरक्षणाचा मुख्य भार पेशीपटलावर असतो. आर्कियांच्या पटलातले मेद ईथर बंधांनी जोडलेले असतात आणि ते बंध आम्लाने सहज तुटत नाहीत. शिवाय अनेक आम्लप्रेमी आर्कियांमध्ये मेदाचा एकेक रेणू पटलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग पसरलेला असतो, त्यामुळे दोन थर एकमेकांपासून सुटण्याचा प्रश्नच उरत नाही आणि प्रोटॉन आत झिरपायला फारशी फट मिळत नाही. त्याच्या जोडीला ही पेशी पोटॅशियमचे धनभारित आयन आत ओढून घेते. आपल्या पेशींची आतली बाजू ऋणभारित असते, यांची पुष्कळदा धनभारित. धनभारित प्रोटॉनला ती दारातूनच परत लोटते.

या व्यवस्थेची कमकुवत बाजू फार बोलकी आहे. सल्फ्युरिक आम्लात आरामात राहणाऱ्या यांतल्या बऱ्याच जीवांना थोडेसे ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, मारून टाकते. सल्फ्युरिक आम्ल पाण्यात पूर्ण विघटित होते आणि त्याचे भारित आयन पटलाबाहेर राहतात. ॲसेटिक आम्लाचा रेणू मात्र कमी सामूच्या पाण्यात अखंड, भाररहित राहतो आणि पटलातून अलगद आत शिरतो. आतल्या सौम्य वातावरणात तो प्रोटॉन सोडतो. असे रेणू येतच राहिले, की पेशीचा आतला सामू कोसळतो. खाणीतले पाणी नियंत्रणात ठेवण्यासाठी सेंद्रिय आम्ले वापरून पाहण्यामागे हेच तत्त्व आहे.

पण हा सगळा खटाटोप कशासाठी? माझ्या मते या विषयातला सर्वांत सुंदर भाग इथे आहे. लोहाची दोन रूपे असतात, फेरस आणि फेरिक. फेरसचे फेरिक होताना थोडी ऊर्जा सुटते आणि फेरोऑक्सिडन्सचे पोट तेवढ्यावर भरते. सात सामूच्या साध्या पाण्यात हवा लागली की फेरस लोह काही मिनिटांत आपोआप फेरिक होते, म्हणजे जीवाणू ताटावर बसेपर्यंत अन्न संपलेले असते. सामू तीनच्या खाली गेला की हीच क्रिया आपोआप घडायला वर्षे लागतात. आम्लामुळे फेरस लोह पाण्यात टिकून राहते आणि जीवाणूला सवडीने मिळते. एका लोह-अणूमागे मिळणारी ऊर्जा फार थोडी, म्हणून त्याला प्रचंड प्रमाणात लोह पचवावे लागते. त्यामुळे मूठभर वस्तुमानाचे हे जीव अख्ख्या नदीचा रंग बदलू शकतात.

अन्नाचे कोठार म्हणजे पायराइट, लोह आणि गंधकाचे सोनेरी चमकणारे खनिज. खडकात बंद असेपर्यंत ते शांत असते. खाणीने ते फोडून हवा-पाण्यासमोर उघडे केले, की सल्फ्युरिक आम्ल तयार होऊ लागते. आम्लयुक्त पाण्यात पायराइटवर ऑक्सिजनपेक्षा जोरदार हल्ला करते ते फेरिक लोह. या हल्ल्यात फेरिकचे पुन्हा फेरस होते. फेरसचे परत फेरिक होणे हा या चक्रातला सर्वांत संथ टप्पा, हे सिंगर आणि स्टुम यांनी १९७० मध्ये दाखवले. आणि सूक्ष्मजीव तो टप्पा दहा लाख पटींहून अधिक वेगाने पार पाडतात, हेही. जीवाणू चक्र फिरवतो, चक्रातून आम्ल निघते, आम्लामुळे जीवाणूचे अन्न टिकते. आपले घर आणि आपली शिदोरी असे दोन्ही तो एकाच कामातून मिळवतो.

हे चक्र सर्वांत उघडपणे पाहायला मिळाले ते उत्तर कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटनच्या रिचमंड खाणीत. एकोणिसाव्या शतकात सुरू झालेले इथले काम १९६०च्या दशकात बंद पडले, डोंगराच्या पोटातले पायराइट मात्र जळत राहावे तसे झिजत राहिले. बोगद्यातली हवा त्या झिजेच्या उष्णतेने तापलेली असते. खाली हिरवट आम्लाचे ओहोळ आणि त्यांवर तरंगणारी गुलाबी साय. त्या सायीच्या एका नमुन्याखालच्या पाण्याचा सामू सुमारे ०.८ आणि तापमान बेचाळीस अंशांच्या आसपास होते. तिथे लेप्टोस्पिरिलम हे जीवाणू आणि फेरोप्लाझ्मा हे आर्किया यांची वस्ती होती. जिलियन बॅनफिल्ड यांच्या गटाने २००४ मध्ये त्या सायीतला सगळा डीएनए एकत्रच वाचला आणि त्यातून दोन जीवांचे जवळजवळ पूर्ण जनुकसंच जुळवले. प्रयोगशाळेत वाढवता न येणारे जीव थेट निसर्गातून वाचण्याची आजची पद्धत ज्या मोजक्या कामांवर उभी आहे, त्यांतले हे एक. इतका विषारी कोपरा निवडण्याचे कारण व्यवहारी होते. तिथे राहणाऱ्या जातीच थोड्या, त्यामुळे कोडे सुटण्याजोगे होते. याच खाणीतल्या पाण्याचा सामू उणे ३.६ मोजला गेल्याचे नॉर्डस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. बाष्पीभवनाने आटून आटून ते पाणी त्या टोकाला गेले होते.

आम्ल दगड कोरते याचे दुसरे चित्र मेक्सिकोतल्या ताबास्को राज्यातल्या व्हिया लुझ गुहेत दिसते. तिथे छतावरून लोंबणाऱ्या चिकट, पांढुरक्या जीवाणूंच्या लोळ्या आहेत. त्यांच्या टोकाशी जमणाऱ्या थेंबाचा सामू शून्य ते एकच्या घरात असतो. गुहेतल्या हायड्रोजन सल्फाइडचे हे जीव सल्फ्युरिक आम्ल करतात, आम्ल चुनखडीचे जिप्सम करते आणि गुहा वाढत जाते. आपल्या पायाखालच्या सांडपाण्याच्या काँक्रीट नळांच्या छताशी नेमकी हीच क्रिया घडते. नळ वरच्या बाजूने खंगतात आणि एक दिवस रस्ता खचतो.

आम्लाचे राज्य फक्त बॅक्टेरिया आणि आर्किया यांचे, असेही नाही. गॅल्डिएरिया सल्फ्युरारिया हे एकपेशीय लाल शैवाल शून्याजवळच्या सामूत आणि ५६ अंशांपर्यंतच्या तापमानात प्रकाशसंश्लेषण करते. त्याचा जनुकसंच २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातली काही महत्त्वाची जनुके बॅक्टेरिया आणि आर्किया यांच्याकडून उचललेली आढळली. केंद्रक असलेल्या जीवाने परक्याकडून कसब मिळवल्याचे हे ठळक उदाहरण मानले जाते. स्पेनच्या रिओ टिंटो नदीत, जिचा सामू सुमारे शंभर किलोमीटरच्या प्रवासात दोन-अडीचच्या आसपासच राहतो, शैवाले, बुरशी आणि आदिजीव यांची विविधता जीवाणूंपेक्षाही जास्त आहे. रिकार्डो अमिल्स यांनी अनेक वर्षे या नदीचा अभ्यास केला. इथे पाच हजार वर्षांपासून खाणकाम आहे, म्हणून नदीचा लाल रंग माणसामुळेच आला असे पूर्वी मानत. काठावरचे लोहयुक्त जुने थर मात्र खाणकामाच्या कितीतरी आधीचे निघाले. जपानमधल्या ओसोरेझान इथल्या तळ्याचा सामू साडेतीनच्या आसपास, तरी त्यात एक मासा राहतो. अंडी घालायला मात्र तो साध्या पाण्याच्या ओढ्यात जातो.

मग जीवनाला आम्लाची काही सीमा आहे का? इथिओपियाच्या अफार प्रदेशातल्या दालोलने हा प्रश्न धारदार केला आहे. तिथली पिवळी-हिरवी तळी एकाच वेळी अतिआम्ल, अतिखारट आणि गरम आहेत. २०१९ मध्ये एका स्पॅनिश गटाने तिथे अतिसूक्ष्म जीवांच्या खुणा सापडल्याचे सांगितले. त्याच वर्षी पुरिफिकासियोन लोपेझ-गार्सिया यांच्या गटाने आजूबाजूच्या खाऱ्या पाण्यात विपुल आर्किया दाखवले, पण सर्वांत तीव्र तळ्यांत जीवन नाही असा निष्कर्ष काढला. पेशींसारखे दिसणारे सिलिकाचे कण पाहणाऱ्याला फसवू शकतात, असा इशाराही दिला. मला दुसरी बाजू अधिक पटते. केवळ आम्ल असेल तर जीव शून्य सामूपर्यंत पोहोचतो हे सिद्ध आहे. दालोल परिसरात काही ठिकाणी मॅग्नेशियमचे क्षार पेशीसाठी उपलब्ध असलेले पाणीच हिरावून घेतात. तिथे अडचण क्षार आणि आम्ल यांच्या जोडीची आहे, एकट्या आम्लाची नाही.

हे जीव पृथ्वीइतके पुरातन असतील अशी समजूत आहे. पण पायराइटपासून आम्ल मिळवायला ऑक्सिजन लागतो, त्यामुळे लोह खाणाऱ्यांची ही जीवनशैली हवेत ऑक्सिजन आल्यानंतरचीच असली पाहिजे. कर्ट कॉनहाउजर यांच्या गटाने २०११ मध्ये समुद्रतळाच्या जुन्या गाळातल्या क्रोमियमच्या वाढीवरून सांगितले, की सुमारे २४८ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर आम्लाचे ओहोळ वाहू लागले होते. त्याआधी, २००४ मध्ये, ऑपॉर्च्युनिटी यानाला मंगळावर जॅरोसाइट सापडले. हे खनिज आम्लयुक्त पाण्यात तयार होते आणि रिओ टिंटोच्या काठावर भरपूर मिळते. तेव्हापासून ही नदी मंगळाच्या अभ्यासकांची प्रयोगशाळा झाली आहे.

माणसाने या जीवांना कामालाही लावले. केनकॉट या अमेरिकी तांबे कंपनीने १९५८ मध्ये जीवाणूंच्या मदतीने धातू विरघळवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले. चिलीच्या लो आगीरे खाणीत १९८० पासून तांब्याच्या ढिगांवर आम्ल शिंपडून जीवाणूंकडून तांबे काढले जाऊ लागले. दक्षिण आफ्रिकेत बार्बरटनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ मध्ये पायराइटमध्ये अडकलेले सोने जीवाणूंच्या टाक्यांतून मोकळे करण्याचा कारखाना सुरू झाला. भट्टीची गरज नाही, हलक्या प्रतीचे खनिजही वापरता येते. फायदे खरे आहेत. पण ही पद्धत आपोआप स्वच्छ ठरत नाही. फिनलंडच्या ताल्व्हिव्हारा निकेल खाणीत २०१२ मध्ये साठवण तलावातून गळती होऊन दूषित पाणी आसपासच्या तळ्यांत गेले. जीवाणू आपले काम चोख करतात. बंदोबस्त माणसाकडे असतो.

भारतात बंदोबस्ताचा प्रश्न ईशान्येत सर्वांत तीव्र आहे. तिथल्या कोळशात गंधक फार. मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांत उंदराच्या बिळांसारख्या खाणींतून काढलेला कोळसा आणि राडारोडा उघड्यावर पडला, आम्ल ओढ्यांत उतरले, मासे गेले. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये अशा खाणकामावर बंदी घातली. शेजारच्या आसाममध्ये कोपिली जलविद्युत प्रकल्पाची यंत्रे आम्लयुक्त पाण्याने गंजली. बंदीने नवी बिळे थांबवता येतात, उघडे पडलेले पायराइट मात्र कोणत्याही आदेशाने थांबत नाही.

महाराष्ट्राचे नशीब या बाबतीत बरे आहे. वर्धा खोऱ्यातल्या कोळशात गंधकाचे प्रमाण साधारणपणे कमी. कोकणातले गरम झरे जिवंत ज्वालामुखीचे नसल्याने आम्लधर्मी नाहीत. लोणारचे सरोवर तर उलट टोकाचे, आम्लारीधर्मी. गोव्याचे लोहखनिज ऑक्साइडचे असल्याने तिथेही पायराइटचा हा धोका मुख्य नाही. तांब्याच्या सल्फाइड खनिजांची मलाजखंडची खाण मात्र गोंदियाला लागूनच्या बालाघाट जिल्ह्यात आहे. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत सूक्ष्मजीवांनी धातू काढण्यावर दीर्घकाळ काम झाले आहे. जाणकार आपल्याकडे आहेत.

उपायही माहीत आहेत. पायराइटचा राडारोडा वेगळा काढून माती किंवा पाण्याखाली दाबला, तर हवेअभावी जीवाणू थंडावतात. चुना आम्ल मारतो. दलदलीतले सल्फेट खाणारे दुसरे जीवाणू तर ही क्रिया उलट फिरवतात. पण हे सगळे सुरुवातीलाच करावे लागते. आयर्न माउंटन १९८३ मध्ये अमेरिकेच्या सर्वाधिक धोकादायक जागांच्या यादीत आले. तिथले पाणी आज चुन्याने शुद्ध केले जाते आणि पायराइट आजच्याच वेगाने झिजले तर ते संपायला सुमारे तीन हजार वर्षे लागतील, असा अंदाज आहे.

खडकात आम्ल तयार करणारे खनिज किती आणि आम्ल मारणारे किती, हे खोदण्यापूर्वी सांगणारी चाचणी स्वस्त आहे आणि जगभर वापरली जाते. तुमच्या भागात नव्या खाणीची जनसुनावणी असेल, तर तिथे हा एक प्रश्न विचारा: ही चाचणी केली का, आणि तिचा निकाल काय? उत्तर लेखी मागा.